दोन नंबर गोदामातला कठडा

प्रफुल, तू सोमवारपासून मिलवर लोडर चालवायले जाऊन राह्यला, असं तुहा बाप सांगत होता. जा. काम हे काम असते, मी नाई म्हणणार नाई. पण जायच्या आधी उमाजीचं आयकून जा. दिव्या, तूही बस भावाजवळ. आणि त्या तुऱ्हाट्या जरा आत सरकव, धूर डोळ्यात येऊन राह्यला.

मिलचं नाव मी घेत नाई. मूल, सावली या गावांपासून तिकडं नागभीडपर्यंत उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या कितीक मिला आहेत. त्यातली एक समजा. मी तिथी वेल्डिंगच्या कामावर होतो आणि उमाजी फिटर. बारा वर्षं संग काम केलं आमी. कमी बोलणारा माणूस. दारू नाई, देवाचंही फार नाई. भुताचं कोणी काढलं का हासे आणि पाना उचलून कामाले लागे. म्हणूनच त्यानं जे सांगितलं ते मी खोटं मानत नाई.

दोन हजार एकवीस साल. डिसेंबरची सतरा तारीख, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती होती, म्हणून बाया चार वाजताच घरी गेल्या होत्या. बॉयलरच्या बाजूनं मिल सुरू होती, पण दोन नंबरचं गोदाम आठ दिवसांपासून आमच्यासाठी खाली करून दिलं होतं. काम होतं कठडे बसवायचं. कागदावर त्याले बेरियर म्हणतात. मांडीएवढा जाड आडवा लोखंडी पाइप, कमरेएवढी उंची, पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे. खाली ताटाएवढी लोखंडी पट्टी. फरशीत ड्रिलनं भोकं पाडायची आणि बोल्ट कसून ते जागेवर रोवायचं. लोडर नाईतर ट्रक चुकून आला अंगावर, तर कठड्याले धडकते. मागची मशीन वाचते.

आता ते कठडे काऊन आले, ते आयका.

तीन महिने आधी, गणपतीच्या दिवसात, त्याच गोदामात गिरजा मेली. आपल्याच इकडची. नवरा मुखरू तलावात जाळं टाकते, तुमी पाह्यलं असन त्याले. ही मिलवर सांडलेलं धान झाडून गोळा करे. भर दुपारी पॅनलजवळ झाडत होती. पॅनल म्हणजे ते बिजलीचं मोठं कपाट, साऱ्या मिलची लाइन त्यातून जाते. तिच्या मागं लोडर होता. लोडर मागं आला. पुढं भिंत होती.

याच्यावर जास्त नाई सांगत.

लोडर मागं घेताना भोंगा वाजते ना, टीं टीं टीं? त्या दिवशी वाजला नाई. बाई पाठमोरी होती, मिलचा घरघराट एवढा. तिले समजलंच नाई.

भोंगा काऊन वाजला नाई? कारण महिनाभर आधी मॅनेजर गुणवंतरावनं उमाजीले ऑफिसात बोलावलं होतं. "दिवसभर ती कटकट. फोनवर धड बोलता येत नाही. त्याची तार काढून टाक."

उमाजी म्हणाला, "साहेब, मागं कोणी असलं तर?"

"माणसाले डोळे दिले आहेत देवानं. तू तार काढ."

उमाजीनं तार तोडली. एका मिनिटाचं काम. मंग पोलीस आले तवा गुणवंतराव म्हणाला, भोंगा चालू होता, बाई मोबाइलवर बोलत होती. गिरजाजवळ मोबाइलच नव्हता. उमाजीले विचारलं. तो म्हणाला, मले काई माहीत नाई. मलेही माहीत होतं आणि मीही चूप बसलो. हे सांगून ठेवतो, नाईतर म्हणाल, म्हातारा दुसऱ्याचंच पाप सांगते. डायव्हर परमुलखातला होता. सारं त्याच्यावर ढकललं.

आणि मंग आले कठडे. नकाशा घेऊन गुणवंतराव स्वतः उभा होता. पॅनलपुढं एक, ड्रायरपुढं दोन, धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या पायाशी एक. उमाजीनं सारा नकाशा पाह्यला आणि विचारलं, "बाया जिथून येतात-जातात, तिथी एकही नाई?"

"बायांले बाजूले होता येते," गुणवंतराव म्हणाला. "मशीनले होता येत नाही. आणि पाहणीवाले पुढच्या शनिवारी येणार आहेत. पॅनलचा कठडा शुक्रवारपर्यंत झालाच पाहिजे."

तर त्या शुक्रवारी पाच वाजता मी निघालो. घरी दत्ताच्या पूजेचं सामान न्यायचं होतं सावलीहून. उमाजीले म्हटलं, चल. तो म्हणाला, "चार बोल्ट राह्यले. तू हो पुढं, मी येतो मागून."

मी गेलो.

चार बोल्टाले किती वेळ लागते? पण एक भोक फरशीतल्या सळईवर अडलं. दुसरं पाडावं लागलं. त्यात अंधार पडला. सात वाजून दहा मिनिटांनी लाइन गेली. वेळ त्याले पक्की आठवते, कारण त्यानं टॉर्च लावायले मोबाइल काढला तवा समोर सात दहा दिसले. जनरेटर बॉयलरकडं चालते, गोदामाले नाई. एकच बोल्ट कसायचा बाकी होता. त्याले लाइन कशाले लागते? तो कठड्याच्या आत शिरून बसला. इकडं कठडा, तिकडं पॅनल, मधात दोन हात जागा. एक टोक भिंतीले टेकलेलं. आत-बाहेर व्हायले दुसऱ्या टोकाशी फटीएवढी वाट.

शटर अर्धं वर होतं. चांदणं पडलं होतं बाहेर, त्याचा एक पट्टा आत फरशीवर. गोदामाच्या पार त्या टोकाले लोडर उभा. पुढचं धान उचलायचं सूप जमिनीवर टेकवलेलं. बॅटरी सकाळीच काढून चार्जिंगले नेली होती. ती काढायले मी स्वतः हात लावला होता.

उमाजीनं पाना लावला. दोन फेरे झाले.

खर्र...

त्यानं हात थांबवला.

खर्र... खर्र...

झाडू. खराट्यानं फरशी झाडते ना बाई, तसा आवाज. त्याले वाटलं, एखादी बाई राह्यली मागं. आवाज दिला, "कोण आहे वं? घरी नाई गेली?"

आवाज बंद.

टॉर्च फिरवली. फरशी खाली. त्यानं पुन्हा पाना लावला. मले म्हणाला, "सोमाजी, भ्यालो नाई तवा. उंदीर असन म्हटलं."

आणि मंग...

टीं... टीं... टीं...

दूर. लोडरच्या बाजूनं.

तार त्यानंच तोडली होती. तोडलेला तुकडा त्यानंच कचऱ्यात टाकला होता. बॅटरी नव्हती गाडीत.

टीं... टीं... टीं...

इंजिनचा आवाज नाई. चाकांचा नाई. नुसता भोंगा. आणि तो जवळ येऊन राह्यला होता.

टॉर्च मारली. लोडर तिथंच. जागचा हलला नाई. सूप तसंच टेकलेलं. त्याच्या अलीकडं काईच नाई. चांदण्याचा पट्टा... त्याच्यावर सावली नाई... काईच नाई. भोंगा पट्टा ओलांडून इकडं आला.

वीस हात. दहा हात.

उमाजी उभा झाला. बाहेर निघायची वाट उजवीकडं. भोंगा उजवीकडूनच...

पाच हात.

बंद झाला.

उमाजी म्हणे, ते चूप राहणं भोंग्याहून वाईट होतं. कोणी पाहून राह्यलं, नेम धरून राह्यलं, असं.

धाड.

कठडा दणाणला. मोबाइल खाली पडला. उजेड छताकडं गेला. फरशी पायाखाली हालली. समोर कोणीच नाई. हात लांबवला असता तर हवेत गेला असता. पण त्यानं लांबवला नाई.

धाड.

न कसलेला बोल्ट उडाला. टिंग टिंग करत गेला कुठी तरी. त्या बाजूची पट्टी फरशीवरून उचलली गेली. पाइप त्याच्या पोटापर्यंत आला. पाठीले पॅनलचं लोखंड. गिरजा जिथी... तीच जागा. आठ दिवस तो तिथी काम करत होता आणि आता त्याले समजलं का आपण नेमकं तिथी उभे आहोत.

त्यानं खांदा लावला पाइपाले. दोन्ही पाय पॅनलच्या ओट्याले रोवले. डोळे मिटले.

धाड.

पाइप पुन्हा आला. बरगड्या दबल्या. श्वास अर्धाच आत जाये.

आणि त्याले आयकू आलं...

जवळ. अगदी कानाजवळ. धापा टाकणं. जोर लावताना माणूस टाकते तशा. त्याले वाटलं आपलाच श्वास आहे.

त्यानं श्वास रोखला.

धापा सुरूच होत्या.

त्यानं डोळे उघडले नाई. मले म्हणाला, "उघडलेच नाई भाऊ. हिंमत नाई झाली."

चौथ्यांदा आलं ते. साऱ्यात जोरात. पत्रे वाजले छताचे. पण कठडा... कठडा हालला नाई. एक सूतही नाई.

मंग लई वेळ काईच नाई.

मंग टीं... टीं... टीं... माघारी. दूर. आणखी दूर.

सात पन्नासले लाइन आली.

उमाजी घरी आला तो पायी, सायकल तिथंच टाकून. बायकोशी बोलला नाई. माह्याशीही नाई. शनिवारी पाहणीवाले आले आणि दारातूनच पाहून गेले, तो अंथरुणात पडून होता, बरगड्या काळ्यानिळ्या. रविवारी मिल बंद असते. त्या दिवशी सकाळी तो उठला आणि मुखरूच्या घरी गेला. जाताना मले घेऊन गेला. मुखरू जाळं विणत बसला होता. उमाजी त्याच्या पुढ्यात खाली बसला आणि म्हणाला, "भोंग्याची तार मी तोडली. गुणवंतरावनं सांगितलं, पण हात माहा होता. आणि पोलिसाले मी खोटं सांगितलं."

मुखरूची सुई तशीच हातात राह्यली. म्हणाला, "तीन महिन्यांनी सुचलं तुले?"

उमाजी म्हणाला, "आता ठाण्यात चला माह्यासंग."

त्याच दिवशी आमी तिघं ठाण्यात गेलो. उमाजीनं बयान दिलं, त्याच्या मागून मीही दिलं. आमाले दोघांलेही मिलवरून काढलं, ते तर होणारच होतं. गुणवंतराव आमच्या घरासमोर गाडी उभी करून जे बोलला ते या पोरीसमोर सांगत नाई. केस अजून सुरू आहे. पण सरकारी लोक आले, पंचनामा झाला. आता बायांच्या वाटेनं दोन्हीकडून कठडे आहेत, आणि साऱ्या लोडरचे भोंगे वाजतात. प्रफुल, तू पह्यल्या दिवशी गाडीवर चढण्याआधी तुह्या लोडरचा वाजते का, ते पाहजो. नाई वाजला तर चढजो नोको. कोणीही सांगो.

उमाजी आता सावलीले पंप दुरुस्त करते. रात्री कोणी बोलावलं तर जात नाई.

काय म्हणते, दिव्या? तीन महिने चूप बसलेला माणूस दोन दिवसांत ठाण्यात कसा गेला? भेवानं?

मलेही तेच वाटलं होतं. भेलेला माणूस आणखी चूप होते, बाई. मीही त्याले तेच विचारलं, मुखरूच्या अंगणात. तवा तो म्हणाला, "चला. दाखवतो."

ठाण्यात जायच्या आधी आमी मिलवर गेलो. रविवारचा चौकीदार ओळखीचा होता, त्यानं शटर वर केलं. कठड्याच्या बाहेरच्या अंगाले चार पोचे होते. खोल. मी तीस वर्षं लोखंड जोडलं आहे, तो पाइप घणानं पोचत नाई. फरशीवर कोंड्याची बारीक धूळ होती आणि त्या धुळीत चाकाची एक रेघ नव्हती. बाहेरून कोण मारत होतं, ते मले विचारू नोको. उमाजीलेही माहीत नाई. त्याले त्याचा विचारच करायचा नाई.

मी म्हटलं, "हेच दाखवायले आणलं का?"

तो म्हणाला, "हे नाई. आतून पाहा."

मी आत गेलो. जिथी त्यानं खांदा लावला होता, त्याच्या हातभर बाजूले, पाइपावर दोन पंजे उमटले होते. रंगावर नाई. लोखंडात. कणकेत हात दाबावा तसे. आतून बाहेर लोटताना पडतात, तसे. उमाजीचा हात मोठा, माहाही मोठा. हे लहान होते.

मुखरू वाकला. मंग त्यानं डाव्या पंजाच्या कडेनं बोट फिरवलं आणि हळू म्हणाला, "धान कापताना विळ्यानं अर्धी गेली होती तिची करंगळी."

मी पाह्यलं. चार बोटं पुरी होती. पाचवं अर्ध्यातच थांबलं होतं.