एकशे चाळिसावी टेप

छत्री मिटत मी दुकानात शिरले आणि काउंटरपलीकडे तो दिसला. चार वर्षांनी.

“काय दाखवू?” म्हणत त्याने मान वर केली, मला पाहिलं, आणि हातातला स्क्रूड्रायव्हर उगाचच दुसऱ्या हातात घेतला.

“गाणी ऐकायचं काहीतरी. आमचा कॉम्प्युटर आता गाणं कमी आणि गरगर जास्त ऐकवतो.”

“अजून तोच आहे?”

“तोच. मावशी म्हणते, पेटायच्या आत बदल.”

तो हसला नाही. पूर्वी हसला असता.

पूर्वी त्याचं एका खोलीचं दुकान होतं. जुन्या टेपांवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा. माझ्या मावशीने तरुणपणापासून रेडिओवरून भरलेल्या एकशे चाळीस टेपा होत्या. मी दर शनिवारी पाचच न्यायचे. पिशवीत तीस मावल्या असत्या, पण मग शनिवार लवकर संपले असते. तो टेप लावायचा आणि मी स्टुलावर बसून बडबडायचे. मी मुद्रितं तपासते. दिवसभर तोंड मिटून लोकांच्या चुका शोधायच्या, त्यामुळे संध्याकाळी कोणी ऐकणारं भेटलं की माझी गाडी थांबत नाही. तो ऐकायचा. अधूनमधून हसायचा, तेव्हा डाव्या गालावर एक रेघ उमटायची… ती रेघ पाहण्यासाठी मी दोन-चार किस्से घरूनच रचून न्यायचे.

मला तो आवडला होता. चांगला झोप उडण्याइतका. आणि शेवटच्या टेपा घेऊन आले, त्यानंतर दहा दिवसांनी निमित्त काढून पुन्हा गेले, तर तो मान खाली घालून म्हणाला, “तुमचं काम झालंय ना?” एवढंच. का, ते मला आजवर कळलेलं नव्हतं, आणि ते कुसळ काही निघालं नव्हतं.

“हा घ्या. स्ट्रीमर.” त्याने एक काळा, चपटा डबा पुढे ठेवला. “फक्त गाणी वाजवतो. पंखा नाही, त्यामुळे स्वतःचा आवाज नाही.”

“म्हणजे आपणहून चकार शब्द काढत नाही.”

“नाही.”

“तुमचाच भाऊ दिसतोय.”

गालावर रेघ उमटता उमटता राहिली.

दुसऱ्या दिवशी तो घरी येऊन डबा जोडून गेला. जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं त्यात उतरवलं, वायरी भिंतीलगत नीट बसवल्या, चहाला नको म्हणाला. दारात चप्पल घालताना मात्र थांबला.

“काही अडलं तर याच आठवड्यात सांगा. एक तारखेपासून मी इथे नसेन. दुसऱ्या शहरात नोकरी धरलीय.”

“कायमची?”

“कायमचीच म्हणायची.”

दार लागलं आणि घर एकदम गप्प झालं. मावशी आठवड्यासाठी ताईकडे गेली होती. कॉम्प्युटर बंद, त्याचा पंखा बंद. इतकी वर्षं ती गरगर घरात कोणीतरी असल्यासारखी होती, हे ती थांबल्यावर कळलं. बाहेर धुकट पाऊस होता. पागोळ्या पडत होत्या, त्या मोजता येत होत्या.

तेवढ्यात ताईचा फोन आला. मावशीच्या गोळ्या बॅगेत भरायच्या कोणाकडून राहिल्या, यावर आमची जुंपली. मी तणतणत फोन ठेवला आणि नव्या डब्यावर नेहमीची व्हायोलिनची टेप लावली. डब्याच्या पडद्यावर गाण्याचं नाव आलं. त्याच्याखाली बारीक पिवळ्या अक्षरांत आणखी एक ओळ आली.

‘परत ताईशी भांडलीस ना? आधी पाणी पी.’

माझ्या हातात पाण्याचा पेला होता.

मी तो हळूच खाली ठेवला. काहीतरी जाहिरात असेल, अशी मनाची समजूत घातली. ताईशी भांडलेल्या बायकांसाठी कोण जाहिरात काढतं, ते मनाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कपाळ ठणकत होतं म्हणून बासरी लावली. ‘डोळे मीट आता. छापखाना काही पळून जात नाही.’ माझ्या मांडीवर अर्धवट तपासलेली मुद्रितं होती. मी उठून खिडकीतून पाहिलं. समोर कोणी नाही, रस्त्यावर कोणी नाही. पडदे ओढले, मग पडद्यामागे कोणी असेल असं वाटून पुन्हा उघडले. डबा कोपऱ्यात शांत बसला होता, आणि त्याची ती शांतताच मला नको झाली होती. जे काही त्यात होतं, ते मला अगं-तुगं करत होतं. घराबाहेरचं कोणीही मला तू म्हणत नाही.

तिन्हीसांजेला पुरती घाबरले. घाबरले की मी एकच टेप लावते. कोणा अनोळखी बाईने गायलेलं अंगाईगीत आहे, मावशीने फार पूर्वी भरलेलं. दिवा लावायच्याही आधी मी ते लावलं. अंधुक खोलीत पडदा उजळला.

‘एकटी नाहीस. मी इथेच आहे.’

पाचावर धारण बसली. मी वायर उपटली आणि जिन्यात जाऊन त्याला फोन लावला.

“तुम्ही माझ्यावर पाळत ठेवताय?”

“काय?”

“तो डबा माझ्याशी बोलतोय. कधी भांडले, कधी डोकं दुखलं, सगळं त्याला कळतं. आता म्हणतो, मी इथेच आहे. तुम्ही तिथून पाठवताय ना हे?”

पलीकडे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला.

“हे… अंगाईखाली आलं?” त्याने विचारलं.

“तुम्हाला कसं माहीत?”

“तुम्ही ते आज वाचताय? पहिल्यांदा?”

“मग कधी वाचणार?”

“चार वर्षांपूर्वी,” तो म्हणाला. आवाज पार बदलला होता. “मी उद्या येतो. सगळं पुसून देतो.”

मंगळवारी दुपारी तो आला आणि ओल्या छत्रीसकट दारातच उभा राहिला.

“प्रत्येक गाण्याच्या फाइलीत नावासोबत एक टीप लिहायची जागा असते. टेप कुठे खराब आहे वगैरे मी तिथे लिहितो. माझ्या दुकानातल्या पडद्यावर ती नावाखालीच दिसायची. मला वाटलं, तुमच्याकडेही दिसत असेल.”

“आमचा कॉम्प्युटर नुसतं नाव दाखवायचा.”

“हं… ते मला आत्ता कळतंय.”

“पण परवाचं भांडण? कालची डोकेदुखी?”

“तुम्हीच सांगितलं होतं. ताईशी भांडलात की व्हायोलिन, डोकं दुखलं की बासरी, घरात एकटं भ्यायला झालं की अंगाई. एकेक टेप हातात देताना सांगायचात. मी फक्त… उत्तर लिहीत होतो. एकशे एकोणचाळीस टेपांवर.”

मी खुर्चीत बसले. मी काय काय बोलले, ते मीच विसरले होते. त्याने ते जपून ठेवलं होतं. एकशे एकोणचाळीस ओळी चार वर्षं माझ्याच घरात, आणि लोकांच्या ओळी वाचून पोट भरणारी मी कारण शोधत होते त्याच्या तुटक वागण्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“एकशे एकोणचाळीसच का?” मी विचारलं. “टेपा एकशे चाळीस होत्या.”

तो गडबडला. “शेवटची कोरी होती. मावशींनी लिहिलंच होतं वर.”

“ती का उतरवलीत, असं मी तेव्हाही विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मोजणीत राहू दे. मी एकदा लावूनही पाहिली होती. नुसती गरगर.”

“ती गरगर टेपची नव्हती,” तो पुटपुटला. “तुमच्या पंख्याची असेल. मी फार हळू… राहू दे ना. पुसतो मी.”

तो डब्याकडे निघाला. त्याच्याआधी मी पोचले, वायर जोडली आणि एकशे चाळिसावी लावली.

आधी काहीच नाही. मग खरखर. मग खुर्ची करकरली, आणि कोणीतरी घसा खाकरला. माझ्या खोलीतला तो ओठ मिटून उभा होता, आणि त्याचाच आवाज, चार वर्षांनी लहान, कोपऱ्यातून बोलू लागला.

“चालू आहे का हे… बरं. ऐक. तू समोर बसलेली असताना मला हे जमणार नाही. तू बोलत असतेस ना, तेव्हा मला संध्याकाळी कुलूप लावावंसं वाटत नाही. येत्या शनिवारी पाच वाजता कालव्याच्या पुलावर थांबतो. आली नाहीस तर परत विचारणार नाही. तुला अवघडवणार नाही. पण… ये.”

पुन्हा खरखर.

“किती वेळ थांबलात?” मी विचारलं.

“दिवे लागेपर्यंत.”

मला रडू आलं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही. त्या शनिवारी पाच वाजता मी याच खुर्चीत बसून त्याच्याकडे परत जायला निमित्त शोधत होते.

डब्यात टेप अजून चालू होती. टेपमधला तो अजून तिकडे वाट पाहत बसलेला असणार, असं मला खरोखर वाटलं. मी वाकले आणि डब्याला सांगितलं, “येते.”

मागून अगदी हळू आवाज आला. “आज मंगळवार आहे.”

“मग शनिवारपर्यंत थांबा.” मी वळले. “थांब.”

तो शब्द ऐकून त्याने छत्री भिंतीला टेकवली. आणि गालावर ती रेघ उमटली.

“आणि एक तारीख?” मी विचारलं.

“त्यांना अजून होकार कळवलेला नाही. शनिवारनंतर कळवतो… काय ते.”

“चहा घेणार?”

“घेतो,” म्हणत तो समोरच्या खुर्चीत बसला.

डब्यातली खुर्ची मागे सरकली. पावलं वाजली, लांब गेली, एक दार लागलं, आणि टेप संपली. समोरचा मात्र जागचा हलला नाही.