डार्करूमच्या पडद्याबाहेर

विज्ञानाचा दिवा पेटला की भूत पळतं, असं मी आयुष्यभर लिहीत आलो. व्यासपीठावरून गर्जतही आलो. घरातले दिवे गेले की मेणबत्ती शोधायला मात्र बायकोला पुढे पाठवतो.

तरी पुढचं सगळं खरं आहे. माझ्या भाच्याने सांगितलंय, आणि थोडं मी स्वतः ऐकलंय. भाचा थापा मारत नाही. तेवढी कल्पनाशक्ती आमच्या ताईच्या सासरी कुणाकडेच नाही.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. भर दुपार. कॉलेजची फिजिक्स लॅब. भुतांनी रात्रीच यावं अशी रीत असेल, पण प्रॅक्टिकलच दुपारी ठेवलं तर त्यांचाही नाइलाज होतो.

भाच्याला घरात सगळे 'शास्त्रज्ञ' म्हणतात. शाळेत कायम पहिला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेला आणि हळूहळू गप्प झाला.

"मामा, सर फळ्याशी बोलतात," फोनवर म्हणाला. "फळ्याला कळत असेल. मला नाही कळत."

पहिल्या सत्रात गणित गेलं. केमिस्ट्री गेली. फिजिक्सची लेखी गेली. आता प्रॅक्टिकल गेलं की वर्ष गेलं. आणि ताईने गल्लीभर सांगून ठेवलेलं, की पोरगा पुढे मोठं काहीतरी शोधून काढणार आहे.

लॅबच्या कोपऱ्यात डार्करूम. दाराला काळा पडदा. आत सोडियमचा पिवळा दिवा, पुढे काचेचा लोलक आणि छोटी दुर्बीण. त्या उजेडात जिवंत माणसाचे ओठसुद्धा राखाडी दिसतात. एकाने आत दुर्बिणीला डोळा लावायचा आणि कोनाचा आकडा सांगायचा. दुसऱ्याने पडद्याबाहेर बसून तो मोठ्याने परत म्हणायचा आणि लिहायचा. कामाची पद्धतच तशी.

बाहेर याचा जोडीदार बसायचा. लांबू.

"एकशे अठ्ठावीस, दहा," भाचा म्हणाला.

"एकशे अठ्ठावीस, दहा," बाहेरून आलं.

पुढचा आकडा. तोही बिनचूक परत आला. फक्त आवाज जरा जवळून येत होता... पडद्याला तोंड लावून बोलल्यासारखा...

सगळं आटोपून भाच्याने पडदा सारला.

स्टूल रिकामं.

वहीचं पान कोरं.

तेवढ्यात लांबू कॅन्टीनमधून ढेकर देत आला. "सुरू पण केलंस? थांबायचं ना लेका!"

भूत मिळालं तेही असलं. ऐकतं, बोलतं, पण लिहायच्या नावाने शंख.

दुसरा कुणी असता तर त्या खोलीकडे फिरकला नसता. हा पुढच्या शनिवारी लांबूला म्हणाला, "तू जा, चहा घे." आणि एकटाच आत गेला.

"का रे बाबा?" मी विचारलं.

"वर्षभरात माझं कुणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं, मामा."



मग तो आवाज पुढे जायला लागला. भाचा डोळा लावायच्या आधीच आकडा यायचा... भाचा नुसती मान डोलवायचा.

परीक्षेच्या दिवशीही आला. तिथे आपलं आपणच लिहायचं असतं. भाच्याने दुर्बिणीत बघितलंच नाही. आवाज सांगेल ते उतरवत गेला.

परीक्षकांनी हिशेब पाहिला. चष्मा काढून पुन्हा पाहिला.

"अशी काच जगात नाही, बाळा. हिच्यात गेलेला उजेड बाहेरच यायचा नाही."

वर्ष गेलं.

मी त्याला आणायला गेलो. लॅब अटेंडंटची मनधरणी करून आम्ही दोघं डार्करूममध्ये शिरलो. मला त्या दुर्बिणीतलं काय कळणार, कपाळ! तोंडाला येईल तो आकडा फेकला.

"सत्तेचाळीस!"

शांतता...

"सत्तेचाळीस."

भाचा माझी बाही धरून शेजारी उभा होता. त्याचे ओठ मिटलेले.

"पुढचं सांगा, मामा," पडद्याबाहेरून आलं.

मी पडद्यासकट बाहेर पडलो.

स्टूल. बाकी कुणी नाही. अटेंडंट पार व्हरांड्याच्या टोकाला सफाईवाल्याशी भांडत होता, आणि त्याचा आवाज घोगरा.

"घरी चल," मी म्हणालो. "दुकान टाक. काहीही कर."

"घरी कसा येऊ, मामा? तिथे मी शास्त्रज्ञ आहे."

ताई रडली, मी समजावलं. दोन्ही वाया गेलं. तो परत पहिल्याच वर्षाला बसलाय. हॉस्टेलवर एका खाटेची खोली मिळालीय. एकट्याची.

मी हल्ली आकडे मोठ्याने म्हणत नाही. दूधवाल्यालाही बोटं दाखवतो.

फोन रोज करतो. काहीही विचारलं की पोरगा आधी थांबतो... कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा... मग उत्तर देतो.

कालही तसंच. अभ्यास कसा चाललाय, विचारलं.

थांबला...

"चाललाय. मामा, इकडे येताना एक टॉवेल आणशील?"

"आणतो की."

पुन्हा थांबला...

"दोन आण. याचाही फाटलाय."