गुरुरावांची आठवी पाकळी

हसू नकोस सहना. किरणकुमारनं प्रसादाचा डबा डाव्या हातानं दिला म्हणून त्याला रीत नाही, असं म्हणतेस ना? रीत त्याला कधीच नव्हती, ते खरं. पण डावा हात पुढं करायचं कारण वेगळं आहे. तो गेलाय ना फाटकाबाहेर? बसा मग दोघं. गच्चीवरचा दिवा घालव. रक्षित, तो मोबाईल उलटा ठेव बघू. पडद्यावर केस सोडलेली बाई दिसली की उशीत तोंड खुपसणारी तुमची पिढी, म्हणे भुताचं सांगा आजोबा. त्या चिंचेवरच्या हडळी तुम्हांलाच लखलाभ. मी सांगतो ते इथंच म्हैसुरात, आपल्या चामुंडीपुरमात झालंय, मागच्याच गल्लीत. याच रात्री, आयुधपूजेच्या, दसऱ्याच्या आदल्या. काही वर्षांपूर्वी.

कोहळ्यापासून सुरुवात झाली.

लक्ष्मीदेवी, म्हणजे या किरणकुमारची आई, माझी मावसबहीण. तिचे यजमान गुरुराव जाऊन वर्षश्राद्ध झालं होतं, म्हणून त्या साली तिनं घरात परत पूजा मांडली. लेक बेंगळूरहून आलेला. तिनं त्याला सकाळी देवराज मार्केटला पाठवलं. एक कोहळा, शेवंतीचे हार, दारात बांधायला केळीचे दोन खुंट. एवढंच. हा दीडशहाणा दुपारी परत आला तो एक पेनड्राईव्ह घेऊन.

"कोहळा कुठाय?"

"आई, कोहळा रस्त्यात आपटून घाण करायची, याला पूजा म्हणतात होय? अप्पांचं ते डबडं आधी साफ करतो. नवा अँटिव्हायरस आणलाय."

बेंगळूरात हा काय करतो ठाऊक आहे? ज्यांचा कंप्युटर अडला ते फोन करतात, आणि हा त्यांना सांगतो, बंद करून परत चालू करा. झालं काम. त्यावर एवढी ऐट, की बापाला जन्मभर अडाणी म्हणाला.

आणि बाप कोण? तर गुरुराव. आपण रंगारी. कापडावर ठसे उठवणारं घर त्यांचं. तो धंदा बुडाला तसे ते कंप्युटरवर लग्नपत्रिका करायला लागले. पण रात्री बसून एकच उद्योग. घरातले जुने लाकडी ठसे होते ना, त्यांचे बुट्टे कंप्युटरवर काढून ठेवायचे. सगळे निघाले. एक सोडून.

तो कमळाचा. त्यांच्या घरातल्या सुनांच्या लग्नाच्या साडीवरच तो ठसा उठवायचे. आठ पाकळ्या. पण ठसा कधीतरी पडून एक पाकळी तुटली होती. लक्ष्मीदेवीच्या साडीवर उठलं ते सात पाकळ्यांचं कमळ, तुटक्या जागी नुसतं पांढरं. सासूनं तिला त्यावरून काय काय ऐकवलं! जणू पाकळी हिनंच तोडली. गुरुरावांनी तिला शब्द दिला होता, तुला पुरं कमळ देईन. त्यांना एवढंच आठवायचं की आठवी पाकळी बाकीच्यांसारखी नव्हती, कुठंतरी आत वळायची. पण कशी वळायची? काढायचे, पुसायचे. परत काढायचे. त्यातच गेले.

म्हणून लक्ष्मीदेवीचं म्हणणं एकच होतं. "खोली हवी तर घे, कंप्युटर हवा तर विक. ते कमळ तेवढं पुसू नको. कुणाकडून तरी पुरं करून घेईन. ते माझं आहे."

"व्हायरस आहे त्यात आई. फाईल घ्यायला गेलं की सगळं अडकतं. स्कॅन करतो, घाण असेल ते जाईल. जाऊ दे की कचरा."

कचरा म्हणाला. मी तिथंच उभा होतो, शेवटी कोहळा मीच नेऊन दिला होता. कानाखाली जाळ काढावासा वाटला.

संध्याकाळी पूजा झाली. टेबलावर कंप्युटर, त्याच्यापुढं तो तुटका ठसा, मागं कुलदेवी हिंगुलाईचा फोटो. हळद, कुंकू, शेवंती. आता पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याच्या सकाळची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. माझा जन्म मेटगळ्ळीच्या कारखान्यात गेला. आमचा मॅनेजर देवाला शिव्या घालणारा माणूस, पण त्या रात्री तोसुद्धा मेन स्विचजवळ फिरकायचा नाही. हे कुणी शिकवावं लागतं का?

तर लक्ष्मीदेवी निघाली शेजारी गोंबे बघायला, दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या होत्या तिथं. जाताना परत सांगितलं, "उद्यापर्यंत हात नको लावू रे."

"सुम्ने जा आई," हा म्हणाला. उगाच बडबडू नको, जा.

ती वळणावर गेली नाही तोच यानं हार काढून बाजूला फेकला आणि बटण दाबलं.

पुढचं त्यानंच मला सांगितलं, तेव्हा खोटं म्हणू नका. तेवढं खोटं बोलायची अक्कल त्याला नाही.

स्कॅन सुरू झालं. चाललं, चाललं, आणि अडकलं. बाण हलेना. बंद करून परत चालू केलं, दुसरं काय येतंय त्याला? परत तिथंच अडकलं. मग म्हणाला, जुना अँटिव्हायरस आहे, जुना नि नवा भांडतायत. जुना काढला. परत अडकलं. मग म्हणाला, तापत असेल. कंप्युटरच्या डब्याची बाजू उघडली, आणि मोठ्यानं हसला.

आत कुंकू. हळद. अक्षता, वाळकी शेवंती. पंखा लालभडक झालेला. गुरुराव दरवर्षी आयुधपूजेला जाळीतून कुंकू आत टाकायचे. म्हणायचे, हत्याराच्या पोटापर्यंत पूजा पोचली पाहिजे. आता हा शुद्ध मूर्खपणा. मी तोंडावर सांगितलं होतं त्यांना, गुरुराव, पंख्याला कुंकू पचत नाही. ऐकतील तर शपथ. पण वेड्या मायेनं टाकलेलं कुंकू ते. हळू फडक्यानं काढायचं, पानावर ठेवायचं. यानं काय केलं? केस वाळवायचं मशीन आणलं. होय, बेंगळूरहून सोबत आणतो हा मर्द! ते लावून सगळं उडवून दिलं. हिंगुलाईच्या फोटोवर, ठशावर, भिंतीवर. खोलीभर लाल धूळ.

"घे अप्पा, तुझी पूजा," असंही म्हणाला. हे त्यानं मला सांगताना मान खाली घातली होती.

पंखा स्वच्छ झाला. डबा गार. परत स्कॅन लावलं.

परत तिथंच अडकलं.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा नीट बघितलं, कुठं अडकतंय ते. एकच फाईल. नाव होतं, लक्ष्मीचं कमळ. ती वगळून स्कॅन लावलं तर शेवटपर्यंत सरसर गेलं. व्हायरस नाही, काही नाही. यंत्र धडधाकट. एवढ्यावर शहाण्यानं उठायला हवं होतं, कळलं? कारखान्यात एखादा पट्टा चारदा त्याच जागी थांबला, तर आम्ही पाचव्यांदा बोट घालत नव्हतो.

यानं घातलं. ती फाईलच पुसायची, असं ठरवलं. निवडली. डिलीट दाबलं.

खरंच पुसू का, असं कंप्युटरनं विचारलं.

यानं हो म्हटलं.

आणि सगळं थांबलं. बाण थांबला. कोपऱ्यातलं घड्याळ थांबलं. बाहेर दसऱ्याची एवढी गर्दी, लाउडस्पीकर… त्याला काही ऐकू येईना. यानं बटण दाबून धरलं. बंद होईना. शिवी दिली. वाकून मागची वायर उपटली, डब्याला नि पडद्याला दोघांना वीज देणारी.

पंखा फिरायचा थांबला.

पडदा बंद झाला नाही.

हसतोस काय रक्षित? पडद्यात साठलेली वीज राहते, हेच ना? राहते. क्षणभर. मी कारखान्यातला माणूस, मला ठाऊक आहे. ती वीज कमळ काढत नाही.

कमळ दिसत होतं पडद्यावर. सात पाकळ्या. आठवीची जागा रिकामी. आणि त्या रिकाम्या जागेत… एक रेघ. हळू. वर चढली. थांबली. मागं गेली, पुसली. परत निघाली. किरणकुमारनं ते लहानपणापासून बघितलं होतं. तस्संच. काढायचं, पुसायचं. परत काढायचं.

माऊसला कुणाचा हात नव्हता.

"अप्पा?"

…

ठप्.

बाजूला. टेबलावरच. ठप्… ठप्… कापडावर ठसा ठेवून मनगटाखालच्या भागानं वरून ठोकतात ना, तो आवाज. त्याच आवाजावर तो पोर झोपलेला लहानपणी. त्यानं तिकडं बघितलं. फुलं होती. हार होता.

ठसा जागेवर नव्हता.

पळायला उठू गेला. पाय उचलेनात. उजवा हात टेबलावर होता. तो हात… उताणा झाला. यानं केला नाही. बोटं उघडली. एक एक. अंगठासुद्धा.

तळव्यावर काहीतरी ठेवलं. गार. लाकडाचं. नीट बेतानं ठेवलं… जरा उचललं… सरळ केलं… परत ठेवलं.

आणि वरून…

ठप्.

मग अंधार.

लक्ष्मीदेवी आली तेव्हा हा तसाच बसलेला. दिवा लावला तिनं. हात लाल. तिला वाटलं रक्त. पदरानं पुसायला गेली. पदर कोराच राहिला. ठसा आपल्या जागी, शेवंतीखाली. तिनं उचलून बघितला. तुटकाच होता. सात पाकळ्यांचा.

तळव्यावर आठ होत्या.

आठवी बाकीच्यांसारखी नव्हती. आत वळलेली. मधल्या गोलावर मान टेकून निजल्यासारखी. लक्ष्मीदेवी किती वेळ बघत बसली कोण जाणे. ओरडली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून म्हणाली, "एवढा त्रास कशाला घेतलात हो." आणि मग रडली. गुरुराव गेले तेव्हाही अशी रडली नव्हती.

हा पहाटे माझ्या दारात. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. "मामा, कुंकू उडालं ना, ते चिकटलं असेल." असेल बाबा. कुंकू शहाणं असतं, पाकळ्या करून चिकटतं! मी त्याला चहा दिला, दुसरं काय देणार?

पुढं लक्ष्मीदेवीनं टी. नरसीपूरचा एक चित्रं काढणारा माणूस बोलावला. बापाच्या कामाला कचरा म्हणणारा हा, त्या माणसापुढं सकाळपासून हात पसरून बसला, आणि तो कागदावर कमळ उतरवून घेत होता. जांभई द्यायचीसुद्धा सोय नव्हती. मी मुद्दाम खुर्ची टाकून समोर बसलो होतो. मन भरेपर्यंत बघितलं. त्याच कमळाची साडी आज संध्याकाळी तिच्या अंगावर होती. तू म्हणालीस ना सहना, बुट्टा सुंदर आहे म्हणून? तीच.

तिनं साडी पहिल्यांदा नेसली त्या दिवशी किरणकुमारचा तळवा साफ झाला. डागसुद्धा नाही. सुटलो म्हणाला. महिनाभर पुन्हा ऐट. कंप्युटर मात्र त्यानं विकला नाही. आता आयुधपूजेला स्वतःच्या हातानं पंख्यात कुंकू टाकतो, आणि वर्षभर तापतोय, तापतोय म्हणून रडतो. बापाच्या वरताण निघाला.

डावा हात? तेच सांगतोय की. साफ झाला, पण वर्षातली ही एक रात्र सोडून. आयुधपूजेला दिवे लागले की उजवा हात खिशात. लोक म्हणतात उद्धट आहे. आहेच. पण आज तो उद्धटपणानं वागला नाही, घाबरून वागला.

डबा डाव्या हातानंच दिला त्यानं. पण झाकण नीट बसलं नव्हतं. तुम्ही खिदळत होता, तुम्हांला दिसलं नाही. मला दिसलं. सवयीनं त्याचा उजवा हात खिशातून निघाला आणि त्यानं झाकण वरून दाबलं. लगेच परत खिशात.

आण तो डबा इकडं, रक्षित. मघापासून तुझ्याच मांडीवर आहे.

आता लाव तुझी टॉर्च. झाकणावर धर.

…

मोज.

हं. ती आत वळलेली, तीच ती. सहना, बोट लावू नकोस… ओलं आहे अजून.