केरिज यांच्या माळ्यावरचं दार

विश्वास ठेवा अगर ठेवू नका. मी तिथे होते, त्याच्यापासून चार हातांवर. पोलिसांना शपथेवर सांगितलं तेच इथे लिहितेय. फक्त नंतर मी बोललेलं एक खोटं... ते आज पहिल्यांदाच सांगतेय.

९ नोव्हेंबर १९९६. शनिवार, दुपारचे अडीच. इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं वॉल्टर केरिजचं शेतघर.

जुन्या लाकडी घरांचं वय ठरवणं हे माझं काम. हे घर पाचशे वर्षांपूर्वीचं. तेव्हा धुराडं नव्हतं. दिवाणखान्याच्या मधोमध जमिनीवर विस्तव, आणि धूर थेट छपरात. पुढे शंभरेक वर्षांनी विटांचं धुराडं बांधलं, मध्ये फळ्यांची तक्तपोशी टाकली आणि वरच्या भागाचा माळा झाला.

म्हणून माळ्यावरचे वासे काळे असणार, हे मला ठाऊक होतं.

पण हे वासे नुसते धुराने काळे नव्हते... जळलेले होते.

वासे जोडण्यासाठी सुतारांनी कोरलेल्या खुणांचा क्रमही जुळेना. मी म्हटलं, "वॉल्टर, हे छप्पर या घराचं नाही. दुसरं घर उतरवून इथे आणलंय."

"हेस्टरबाई, माझ्याच घरात मला चोर ठरवताय होय?" तो हसला. साठीचा, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस.

मग मला ते दिसलं. तो उभा होता त्या फळ्या म्हणजे आडवं ठोकलेलं एक जुनं दार होतं. कडेला अडसराच्या लोखंडी कड्या. वरची बाजू ऊनपावसाने झिजलेली, म्हणजे दाराची बाहेरची; हा अडसर बाहेरून घालायचा होता.

फटीतून आरसा सरकवून मी खालची बाजू पाहिली.

ओरखडे... बोटांच्या अंतराने. शेकडो.

"हे दार कुठून आलं?"

"आमच्यात सांगतात, शेजारी एक विधवा राहायची. अ‍ॅग्नेस. आमच्या पूर्वजांना तिची जागा हवी होती. म्हातारी हटेना."

"मग?"

"मग हटली." त्याने डोळा मिचकावला आणि त्या दारावर टाच आपटली. "काय गं म्हातारे, हटलीस ना?"

कौलांवर कबुतरं घुमत होती. ती एकदम गप्प झाली.

खालच्या अंगणातला कुत्राही.

आणि मग... खर्र. खर्र.

त्याच्या पायाखालून.

"उंदीर," तो म्हणाला. पण पाय उचलेना. मग खोकला.

"कसला धूर हा? खाली काही पेटवलंय का?"

धूर नव्हता. देवाशपथ सांगते, कणभरही नव्हता. माझ्या बॅटरीचा झोत स्वच्छ होता. मी खोल श्वास घेतला. थंड, धुळकट हवा.

तो गळा धरून वाकला. मी दंड धरून ओढलं. तो तिथे खिळल्यासारखाच. डोळे माझ्याकडे नव्हते, पायाखाली होते.

"अडसर मी नाही घातला!" तो ओरडला. "मी नाही! काढतो... अगं, काढतो ना!"

गुडघ्यांवर बसून तो त्या रिकाम्या कड्यांतून काहीतरी उपसू लागला. नखं फुटली तरी थांबला नाही.

मग कोसळला.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मला तीनदा विचारलं, आग कुठे लागली होती? त्याच्या फुप्फुसांत काजळी भरली होती. जळत्या घरात सापडलेल्या माणसाची असते तशी. अग्निशमनवाल्यांनी सगळं घर तपासलं. एक वीटसुद्धा कोमट नव्हती.

माझ्या कोटाला वाससुद्धा नव्हता.

दफनाच्या दिवशी त्याची मुलगी ब्रिजेट माझा हात धरून म्हणाली, "शेवटी बाबा काही बोलले का हो?"

मी तिच्या हातावर हात ठेवला.

म्हटलं, "तुझं नाव घेतलं. घर सांभाळ म्हणाले."

ती खूप रडली. घर विकायचं ठरलं होतं, ते तिने रद्द केलं. नवऱ्याला घेऊन तिथेच राहायला गेली.

काल तिचं पत्र आलं. मुलगा झालाय. आजोबांचं नाव ठेवलंय, वॉल्टर. माळा साफ करून तिथे त्याची खोली करणार आहेत. जुन्या फळ्यांची जमीन, त्या दारासकट, तशीच ठेवलीय, आजोबांची आठवण म्हणून. बाप्तिस्म्याला नक्की या, असं लिहिलंय.

सकाळपासून फोन समोर घेऊन बसलेय...

खरं कुठून सांगायला सुरुवात करू?