चाहुलीआधी

प्रयोगशाळेतली सगळ्यात कंटाळवाणी खोली माझ्या वाट्याला आली होती. जाड भिंतींची, बिनखिडकीची, भुशाचा आणि फिनेलचा वास धरून बसलेली. काम मात्र सोपं होतं. उंदीर काचेच्या नळीत ठेवायचा, कानठळ्या बसवणारा आवाज सोडायचा आणि तो किती दचकला ते पडद्यावर बघायचं. कधी कधी मोठ्या आवाजाच्या जरा आधी एक बारीक 'टिक्' सोडायची. तिला आम्ही 'चाहूल' म्हणायचो. चाहूल लागली की धडधाकट उंदीर सावध होतो आणि कमी दचकतो.

उजवीकडच्या मांडणीवरचे उंदीर तसे नव्हते. ते इवलेसे असतानाच आम्ही सुईने त्यांच्या मेंदूला इजा केली होती. लहानपणी ती पिल्लं इतरांसारखीच खात, खेळत, एकमेकांच्या अंगावर झोपत. वयात आली की बिघडत. मग चाहूल द्या नाहीतर देऊ नका, दचकायची ती पुरतीच दचकत. स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसांमध्येही असंच काहीसं दिसतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

"लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात," नवरा म्हणायचा, "तू उंदीर पोखरून काय काढणार आहेस?"

मी हसण्यावारी न्यायचे. उत्तर त्यालाही ठाऊक होतं. माझा धाकटा भाऊ आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहतो. कॉलेजात जाईपर्यंत नाकासमोर चालणारा, हुशार मुलगा. मग एकदा भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच. आणि आता माझ्या मुलाला मिसरूड फुटलं होतं. जेवताना तो जरा गप्प राहिला तरी मी काहीबाही विचारून त्याला बोलतं करायचे.

त्या दिवशी उजवीकडचा एक उंदीर नळीत ठेवला. बटणाला मी अजून हातही लावला नव्हता, तोच तो दचकला. पडद्यावरची रेघ ताडकन वर गेली. यंत्रात काय बिघडलं ते बघायला मी वाकले आणि बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला.

पुढचा उंदीरही शांततेतच दचकला. मी श्वास रोखून थांबले. वरच्या मजल्यावर दार धाडकन आपटलं.

मी मॅडमना गाठलं. आमच्या विभागाच्या त्या प्रमुख, आणि शंकेखोर बाई.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ," त्या म्हणाल्या. "वायर बदलून बघ."

"दोन्ही उंदीर उजवीकडचेच होते, मॅडम. ज्यांना आपली चाहूल कळत नाही, त्यांना कदाचित दुसरीच कसली तरी..."

मी जीभ चावली. माझं बोलणं मलाच भावाच्या भ्रमातल्या बडबडीसारखं वाटलं. मॅडमना त्याच्या आजाराचं ठाऊक होतं; त्यांनाही तसंच वाटलं असावं.

"घरी सगळं ठीक आहे ना गं?" त्यांनी हळूच विचारलं. त्या मऊ आवाजाचा मला भयंकर राग आला.

मी वायर बदलली. तिसरा उंदीर दचकला आणि माझ्या डोक्यावरची ट्यूब फुटली.

मी काचा झाडत होते, तेवढ्यात मुलगा घराची किल्ली न्यायला आला. दारातच थांबला. कानाला हेडफोन, पाठीला दप्तर.

उजवीकडची खुडबुड थांबली.

डावीकडचे धडधाकट उंदीर दाणे कुरतडत होते. उजवीकडचा एकेक उंदीर पिंजऱ्याच्या जाळीशी आला होता. सगळ्यांची नाकं दाराकडे.

"आई, हे असे का बघतायत माझ्याकडे?"

"भूक लागली असेल त्यांना."

तेवढ्यात ते दचकले. सगळे, एकदम. अख्खी मांडणी खडखडली.

मी आवाजाची वाट बघू लागले.

काही पडलं नाही. काही आपटलं नाही. काहीच फुटलं नाही.

"आई? किल्ली देतेस ना?"

काम तसंच टाकून मी त्याच्याबरोबर निघाले. रस्ताभर मी त्याचं कोपर सोडलं नाही. "अगं, सोड ना, लोक बघतायत," तो म्हणाला आणि मला बरं वाटलं. किती साधं बोलला होता तो. घर येईपर्यंत मी प्रत्येक गाडीकडे, प्रत्येक गच्चीकडे बघत होते.

घरी आल्यावर त्याने बूट काढले, हेडफोन टेबलावर ठेवले आणि तो सरळ मागच्या खोलीत गेला. एरवी तो त्या दारावरूनसुद्धा घाईघाईने जायचा.

मी त्याच्या मागे धावले.

भाऊ भिंतीकडे तोंड करून बसला नव्हता. तो पलंगावर एका बाजूला सरकला होता. मोकळ्या जागेवरची चादर हाताने सारखी करत होता.

"आलास? बस," तो म्हणाला. कॉलेजात जाण्याआधीचा, त्याचा तोच आवाज.

मुलगा बसला.

"कधीपासून ऐकू येतंय?" भावाने विचारलं.

"सकाळपासून, मामा."

भावाने मान हलवली. मग फार मायेने, जसं तान्ह्या बाळाला धरतात तसे, माझ्या मुलाच्या कानांवर दोन्ही तळवे ठेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "तूही झाक."