बरं वाटतंय आता

टक्.

गोळ्यांच्या पट्टीवर अंगठा दाबून गोळी काढली की होतो, तसा आवाज. स्ट्रेचरवाल्या काकांनी तो सत्तावीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा ऐकला. तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक शिंपी बसला होता, गळ्यात मापाची टेप तशीच. पाठदुखीसाठी वर्षभर गोळ्या खात होता, त्याही उपाशीपोटी, वर सिगारेट. पहाटे पोटात सुरा खुपसल्यासारखं दुखलं म्हणून आला होता. आणखी एक गोळी काढून त्याने तोंडात टाकली. थोड्या वेळाने हसून म्हणाला, "बरं वाटतंय आता."

काकांना त्याची दया आली. "मग ताटकळता कशाला? घरी जाऊन पडा."

संध्याकाळी त्याला परत आणलं तेव्हा उशीर झाला होता. जठराला भोक पडलं होतं. तसं भोक पडल्यावर कधी खांदा दुखू लागतो, पण पोटातलं दुखणं मध्येच काही तास ओसरतं आणि माणसाला फसवतं, हे काकांना त्या दिवशी कळलं.

पुढे तो आवाज अधूनमधून येत राहिला, कुणाच्याही हातात गोळी नसताना. आला की त्या दिवशी तसा रोगी सापडायचाच. नर्स थट्टा करायच्या, "काका, आज कान काय म्हणतोय?" पण थट्टा करता करता रोग्यांची पोटं चाचपून घ्यायच्या. काका आता त्याला भीत नव्हते. कामाची घंटा वाजावी, तसे उठायचे.

त्या दुपारी मात्र आवाज आला तो त्यांच्या थोरल्या बहिणीच्या स्ट्रेचरपाशी.

"तोंड कशाला पाडलंस?" ताई म्हणाली. "सकाळी जीव जातोय असं झालं होतं. बरं वाटतंय आता. सोड मला घरी, कपडे भिजत पडलेत."

"गुडघ्याच्या गोळ्या जेवून घेतेस ना?"

"जेवायला सवड कुणाला आहे? तू येतोस का स्वयंपाकाला?"

ती हसली, पण पोट हललं नाही. कूसही बदलत नव्हती. काकांनी हलकेच हात ठेवला. फळीसारखं कडक.

तरुण डॉक्टर डोकं दाबत आला. डोकेदुखीच्या गोळ्या आणि काळा चहा, यावरच त्याचा दिवस निघायचा.

"दुखणं कमी आहे, काका. उद्या बघू."

"आज. उभं करून एक्स-रे काढा."

"मला शिकवताय?"

"नाही, साहेब. एकाला मी घरी पाठवलंय. दुसऱ्यांदा नाही पाठवणार."

काका स्ट्रेचर धरून उभेच राहिले. शेवटी एक्स-रे निघाला. पोटाच्या वरच्या पडद्याखाली भोकातून निसटलेल्या हवेची काळी कोर दिसत होती, नखाएवढी बारीक. तासाभरात ताई ऑपरेशनच्या टेबलावर होती.

ती वाचली. चौथ्या दुपारी काका तिची उशी सारखी करत होते, तेव्हा ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी स्ट्रेचरवर घेण्याआधी मी बाकावरून उठून घरीच निघाले होते रे. शेजारी एकजण होता, गळ्यात टेप... त्याने मनगट धरून खाली बसवलं. हात बर्फासारखा. म्हणाला, बरं वाटलं म्हणून मीही गेलो होतो..."

काकांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. चार बोटांच्या निळ्या खुणा होत्या.

टक्.

काकांनी मान वळवली. दारात तरुण डॉक्टर उभा होता. हातात काहीच नव्हतं. एका हाताने खांदा चोळत होता, बाकी अंग अगदी स्थिर.

"साहेब," काका म्हणाले, "सकाळी पोटात दुखलं होतं का?"

काकांनी कोपऱ्यातल्या स्ट्रेचरचा ब्रेक काढला. "चला. उभं राहून एक फोटो... पाच मिनिटांचं काम आहे."

डॉक्टर बाहेरच्या बाकाकडे बघत होता. बाक रिकामा होता. त्याच्या पाठीच्या फळीवर पिवळी टेप लटकत होती आणि तिचं टोक अजून हलत होतं.

मग डॉक्टर हसला, अगदी बरं वाटत असल्यासारखा, आणि पावलं जपून टाकत निघून गेला.