बडग्याचे डोळे

अनिश पहिल्यांदा बोलला तो माझ्याशी नाही, बडग्याशी.

“नमस्कार... चंपतराव आहेत का?”

अंगणात मी बडग्याच्या पुतळ्याच्या पोटात बसून बांबूच्या कमच्या सुतळीने बांधत होते. कागदाच्या फटीतून मला फक्त कॅमेऱ्याची बॅग आणि चिखलाचे जोडे दिसले.

“नाहीत,” मी म्हणाले.

जोडे दोन पावलं मागे सरकले. “बोलला का हा?”

“हा नाही, मी. काय काम होतं?”

“मुलाखत. मार्चमध्ये त्यांनीच सांगितलं होतं, पोळ्याच्या आठ दिवस आधी ये, तेव्हा काम पाहाले भेटते.”

मी बाहेर आले. केसांत कागदाचे कपटे, कोपरापर्यंत खळ. “बाबा मे महिन्यात गेले.”

कसे, कधी, काही न विचारता त्याने जोडे काढले, माझ्या हातून सुटून सैल पडत चाललेली सुतळी धरली आणि हळूच म्हणाला, “बांधा. मी पकडून राहतो.”

आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत नावाच्या मोठ्या पुतळीसोबत बडगे निघतात. लोकांना छळणारं जे काही असेल त्याचा पुतळा करायचा, मिरवायचा आणि शेवटी जाळायचा. सक्करदऱ्यातल्या आमच्या मंडळाचा बडग्या तीस वर्षं बाबांनी केला. यंदाचा होता अपघात पाहून मदत न करता मोबाइल रोखून उभा राहणारा माणूस. मंडळाच्या वामनरावकाकांनी मला धड करायला दिलं होतं. “चेहरा मात्र दुसऱ्याकडून काढून घेऊ वं पोरी. चंपतच्या डोळ्यांची सर कोणाले नाही.”

मी मान हलवली होती.

अनिश नरखेडचा. घरी संत्र्याची बाग, आणि हा गावोगावी कलावंतांच्या मुलाखती घेत हिंडणारा. “मग तुमचीच घेतो,” तो म्हणाला.

“उद्या.”

असं मी चार दिवस म्हटलं. चारही दिवस तो आला. कॅमेरा बॅगेतच राहिला, तो मात्र खळ शिजवायला शिकला.

“ही खळ आहे का पिठलं?”

“भाकर आणा, खाऊन सांगतो.”

“हा बडग्या पाहिला का? अगदी तुमच्यासारखा दिसून राहिला. हातात कॅमेरा...”

“पण मी मदत करून राहिलो ना!”

“म्हणून तर अजून जाळलं नाही.”

आत आई हसली. किती दिवसांनी... मी वर पाहिलं. तो माझ्याकडेच पाहत होता. खळ पातेल्याला लागली.

पाचव्या दिवशी मी कॅमेऱ्यासमोर स्टुलावर बसले. त्याने विचारलं, बाबांकडून काय शिकलात? बाबांच्या मुलाखतींत मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी राहत आले होते. त्यांची वाक्यं मला पाठ होती, तीच म्हटली. मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“हे जुने बडगे. डोळे नाकासमोर पाहतात. आणि हे मागच्या सहा वर्षांतले. सगळे डावीकडे पाहून राहिले. जसं कोणाले तरी काही विचारायचं आहे...” तो थांबला. “हे डोळे कोणी काढले, नूपुर?”

पहिल्यांदाच नुसतं नाव.

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली.

त्याने हात पुढे करून कॅमेरा बंद केला. “नाही सांगितलं तरी चालते. हा प्रश्न मी कापून टाकतो. बाबांचं नाव आहे तसंच राहील.”

त्या क्षणी मला तो फार आवडला. आणि त्याच क्षणी मला कळलं की त्याचं ऐकायचं नाही. गप्प राहिले तर बाबांचा शब्द राहणार होता, आणि उद्या कोणी परका माणूस माझ्या अंगणात येऊन माझे डोळे काढणार होता.

“सुरू करा,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

लाल दिवा लागला.

“सहा वर्षं डोळे मी काढले. बाबांचा हात थरथरायचा. त्यांनी कोणाला सांगू दिलं नाही. ते माझ्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे. एक रेघ काढली की मी त्यांच्याकडे पाहायची. त्यांनी मान हलवली की दुसरी. म्हणून ते डोळे तिकडे वळले असतील. मला आजच कळलं.”

आई दारात येऊन उभी होती. “या वर्षी सांगतो, या वर्षी सांगतो, म्हणत गेले गं ते,” ती म्हणाली. “तू सांगून टाकलं. बरं केलं.”

वामनरावकाकांनी ती मुलाखत अनिशच्या मोबाइलवर दोनदा पाहिली.

“सहा वर्षं बनवलं मले चंपतनं!” मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. “आन् मी दुसरा माणूस शोधून राहिलो. काढ मग, पाहून काय राहिली? चार दिवसांवर पोळा आला.”

ते गेल्यावर मी बडग्याचा कोरा चेहरा पुढ्यात आडवा ठेवला आणि काळा रंग कालवला. डाव्या बाजूची जागा रिकामी होती. तिथे खुर्ची ठेवायला अनिश निघाला, तशी मी त्याला थांबवलं.

“नको.”

“मग यंदा हा कुठे पाहणार?”

“समोर.” कुंचला माझ्या हातात स्थिर होता. “तू समोर उभा राहा.”

‘तू’ त्याने ऐकलं. कानापर्यंत लाल झाला.

“फक्त आज?” त्याने विचारलं.

“दर वर्षी पोळा येते,” मी म्हटलं. “येशील?”

“नरखेडहून पहिली एसटी सहाले आहे,” तो म्हणाला. “नाहीतर इथंच खोली पाहतो.”

“खोली पाहा.”

तो आला आणि इतका जवळ उभा राहिला की त्याच्या शर्टावरचा खळीचा वास मला आला.

“इतका जवळ नको ना गा. चकणा होईल तो.”

तो हसत दोन पावलं मागे गेला. मी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि कोणालाही न विचारता पहिली रेघ ओढली.